गावच्या समितीत जायचं असेल तर

एका ताईंनी विचारलं आहे: "पंधरा वर्षं पुण्यात नोकरी करून आम्ही सासरच्या गावी राहायला आलो. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. मला निवडणुकीला उभं राहायचं नाही, कुठल्या पक्षातही जायचं नाही. पण पाण्याची, शाळेची, आरोग्याची अशा समित्या असतात आणि त्यात गावातली साधी माणसं घेतात, असं ऐकलं. त्यासाठी अर्ज कुठे करायचा? ओळख लागते का? आणि तिथे जाऊन खरंच काही करता येतं का?"

ताई, यासाठी छापील अर्ज नसतो. समितीतली माणसं सभेत ठरतात. शाळेची पालकसभेत ठरतात, बाकीची बहुतेक ग्रामसभेत. नावं ठरतात त्या दिवशी तुम्ही तिथे हजर हवं, तुमचं नाव कुणीतरी सुचवायला हवं आणि ते इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, लिहिलं जायला हवं. ओळख लागते ती एवढीच: सूचक म्हणून एक माणूस आणि अनुमोदक म्हणून दुसरं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांब आहे, कारण समितीत जागा मिळणं आणि समितीत काम करता येणं यात फार अंतर आहे.

ते अंतर मी स्वतः चालून आले आहे. २०१२ साली माझं नाव आमच्या गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत गेलं, ते मला न विचारता. निम्म्या बायका हव्यात असा नियम आहे म्हणून यादी पुरी करायला आमच्या आळीतल्या चौघींची नावं घातली होती. महिन्या-दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीचा शिपाई नोंदवही घेऊन दारात यायचा, मी पिठाचे हात पदराला पुसून सही करायची आणि आत यायची. एका पावसाळ्यात खालच्या वस्तीवर जुलाब-उलट्यांची साथ आली. आरोग्य सेविका चौकशी करत घरी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर साठा तपासलाय, तुमची सही आहे." त्यांनी नोंदवही दाखवली. ठराव टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचा, होता: "टीसीएल पावडरचा साठा समितीने प्रत्यक्ष पाहिला, तो पुरेसा व सुस्थितीत आहे." खाली माझी सही. मी त्या दिवशी पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत गेले. टीसीएलची गोणी तोंड उघडं ठेवून भिंतीला टेकवलेली, पावडरीचे दगडासारखे गोळे झालेले. ओल लागली, हवा लागली की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि मग ती पावडर टाकीत टाका नाहीतर न टाका, सारखंच. पोरं आजारी पडली होती आणि कागदावर मी सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं होतं.

तेव्हापासून मी वाचल्याशिवाय सही केलेली नाही. पुढे दोन वेळा शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते, आता तालुक्यात नव्या सदस्यांची प्रशिक्षणं घेते. प्रत्येक प्रशिक्षणाची सुरुवात मी त्या गोणीपासून करते.

आता कायद्याचं थोडं, कारण ते माहीत असलं की सभेत पाय कापत नाहीत. या समित्यांतली तुमची जागा हा तुमचा हक्क आहे, कुणी केलेले उपकार नव्हेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ४९ मध्ये ग्रामविकास समित्यांची तरतूद आहे. समितीत किमान १२ आणि कमाल २४ सदस्य, त्यात निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, आणि ग्रामपंचायत सदस्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे उरलेल्या बहुतेक खुर्च्या निवडून न आलेल्या माणसांसाठी आहेत: मतदार, बचत गट, युवक मंडळ, पाण्याचा वापर करणारे. पाणीपुरवठा समिती याच कलमाखाली बसते. शाळेची समिती वेगळ्या कायद्याने येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की समितीचे ७५ टक्के सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण निम्म्या महिला. ग्रामपंचायतीत एकाही निवडणुकीला उभं न राहता माणूस गावच्या कारभारात बसू शकतो, तो असा.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं दार शाळेचं आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगते.

शाळा व्यवस्थापन समितीसाठी गावच्या मतदार यादीत नाव असण्याचीही गरज नाही. तुमचं मूल त्या शाळेच्या पटावर हवं, बस. महाराष्ट्रात समिती १२ ते १६ जणांची असते, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच निवडायचे असतात, शिक्षक किंवा पंचायत सदस्यातून नाही. उरलेल्या चौथ्या हिश्शात पंचायत सदस्य, शिक्षक आणि गावातले शिक्षणप्रेमी येतात. दर दोन वर्षांनी समिती नव्याने बनते आणि बैठक महिन्यातून किमान एकदा व्हावी लागते. पालक निवडताना सगळ्या इयत्तांतून आणि दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांचे पालक त्यांच्या प्रमाणात यावेत असं पाहायचं असतं. पालावरची, वीटभट्टीवरची मुलं शाळेत असतील तर त्यांची आई समितीत हवी, हे तुम्ही त्या सभेत आवर्जून बोला. दुसरं कुणी बोलेल याची मला खात्री नाही. (खाजगी विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागू नाही. अनुदानित खाजगी शाळांत समितीचं काम फक्त सल्ल्यापुरतं आहे. तुमची शाळा जिल्हा परिषदेची आहे, म्हणजे पूर्ण अधिकार आहेत.)

काम काय? कायद्यातली वाक्यं तीन आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि शासनाकडून आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष. ऐकायला कोरडी वाटतात, म्हणून एक प्रसंग सांगते.

आमच्या शाळेत पोषण आहाराचा तांदूळ महिना संपायच्या आधी संपायचा. बोट स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडे जायचं. बाई विधवा, मानधन तुटपुंजं, गावात कुजबुज सुरू. समितीच्या बैठकीत त्यांना काढून दुसरी बाई लावायचा विषय आला. मी म्हटलं, आधी हिशोब करू. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५०. आमची शाळा पाचवीपर्यंत. त्या दिवशी हजेरी ५८, म्हणजे ५ किलो ८०० ग्रॅम. काटा मागवला, बाईंनी काढलेला तांदूळ तोलला, तेवढाच भरला. असं आठ दिवस रोज एक आई येऊन तोलत राहिली. रोजचा हिशोब बरोबर. मग पुढच्या महिन्यात गोण्या आल्या तेव्हा आम्ही त्या उतरवतानाच काट्यावर ठेवल्या. ५० किलो म्हणून नोंद होणारी गोणी ४६ भरली, दुसरी ४७. आजवर गोण्या मोजल्या जात होत्या, तोलल्या जात नव्हत्या. आम्ही साठा नोंदवहीत प्रत्यक्ष भरलेलं वजन लिहिलं, पावतीवरही तेच लिहून सही केली, समितीचा ठराव करून पंचायत समितीच्या पोषण आहार अधीक्षकांना पत्र दिलं. तीन महिन्यांत गोण्या पुऱ्या भरू लागल्या. त्या बाई पुढे कितीतरी वर्षं शाळेत रांधत होत्या.

देखरेख म्हणजे हेच. कुणावर डोळे वटारायचे नसतात. काटा आणायचा, तोलायचं, लिहायचं. चव नोंदवही शाळेत असतेच. मुलांना वाढण्याआधी खिचडी खाऊन तीत शेरा लिहायचा. तो शेरा पालकानेही लिहावा, आणि खिचडी खरोखर खाऊन लिहावा.

शाळेला समग्र शिक्षा योजनेतून दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान येतं. पट ३१ ते १०० असेल तर ते २५,००० रुपये. मोठी रक्कम नव्हे, पण त्यातून स्वच्छतागृहाचा नळ, दिव्याचं बिल, खडू, फळ्याचा रंग असं सगळं निघतं. किती आले आणि कशावर खर्च झाले हे विचारायचा समितीला पूर्ण अधिकार आहे. मुख्याध्यापकांशी भांडायच्या सुरात विचारू नका. बहुतेक मुख्याध्यापक एकटे पडलेले असतात, माहिती भरता भरता वैतागलेले असतात. समिती आपल्या मागे उभी आहे हे दिसलं तर तेच तुम्हाला सगळ्या वह्या काढून देतात. माझा हाच अनुभव आहे.

आता ग्रामसभेकडे येऊ. इथे आधी मतदार यादी बघा. गावच्या यादीत नाव असलेला माणूसच ग्रामसभेचा सदस्य असतो. तुमचं नाव अजून पुण्यात असेल तर नमुना ८ भरून ते गावात आणा. ऑनलाइन होतं किंवा गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, देता येतं. शहरातून परतलेली कितीतरी माणसं इथेच अडकतात. सभेत चांगलं बोलतात, आणि मग कुणीतरी शांतपणे म्हणतं, "तुमचं नाव यादीत नाही."

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या रूढ तारखा, पण त्या पुढे-मागे होतात म्हणून नोटीस पाहत राहा. साध्या सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, विशेष सभेची चार दिवस. गणपूर्तीसाठी (कोरमसाठी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हे नीट लक्षात घ्या, कारण समित्यांची नावं बहुतेक वेळा अशाच तहकूब सभेत ठरतात. पहिल्या सभेला माणसं येतात, कोरम नाही म्हणून परत जातात, आणि दुसऱ्या तारखेला वीस-पंचवीस जणांत पुढच्या पाच वर्षांच्या समित्या बनून जातात. यात बेकायदा काही नाही. म्हणूनच तहकूब सभेची तारीख विचारून घरी जायचं आणि त्या तारखेला नक्की यायचं.

दुसरं, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. ती कित्येक गावांत कागदावर उरकतात. तुम्ही ग्रामसेवकांना (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) लेखी पत्र देऊन महिला सभेची वेळ विचारा. पत्राच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ती पोच जपून ठेवा. महिला सभेत बायका मोकळ्या बोलतात. तिथेच ठरवा की पाणी समितीत कोण, आरोग्य समितीत कोण, आणि ती नावं ठराव म्हणून ग्रामसभेकडे पाठवा. चार जणी एकत्र बसून आल्या आणि एकीने उभं राहून नाव सुचवलं, दुसरीने अनुमोदन दिलं, की ते नाव डावलणं फार अवघड जातं. मी पाहिलेल्या गावांत खऱ्या अर्थाने काम करणाऱ्या बायका बहुतांशी याच वाटेने आल्या आहेत.

त्याच पत्रात एक वाक्य असं लिहा: "समित्या गठित करण्याचा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा आणि सध्याच्या सर्व समित्यांच्या सदस्यांची यादी सभेत वाचून दाखवावी." या यादीवाचनाचा परिणाम मी अनेकदा पाहिला आहे. एका गावात यादी वाचली तेव्हा तीन सदस्य वारलेले निघाले, दोघी लग्न होऊन सासरी गेलेल्या, आणि एक गृहस्थ तिथेच बसलेले होते, ते आश्चर्याने म्हणाले, "मी आहे होय समितीत?" त्याच सभेत सहा जागा मोकळ्या झाल्या.

यापुढचं मी सगळ्यात कळकळीने सांगते, कारण समितीची खरी ताकद इथे आहे: इतिवृत्त.

प्रत्येक बैठकीचा पहिला विषय ठरलेला असतो, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." नव्वद टक्के माणसं या वेळी चहाची वाट पाहत असतात. तुम्ही याच वेळी जाग्या राहा. इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा, सारांश सांगितला तर म्हणा, "शब्दशः वाचा." आपण जे ठरवलं ते तसं लिहिलंय का, आणि जे ठरलंच नाही ते लिहिलंय का, हे फक्त याच क्षणी दुरुस्त होतं. एकदा कायम झालं की पुढे तेच खरं. कोर्टात, चौकशीत, लेखापरीक्षणात, सगळीकडे.

ठराव कसा लिहिला आहे ते बघा. "पाण्याच्या प्रश्नावर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले" या वाक्याने आजवर एकही नळ दुरुस्त झालेला नाही. ठराव असा हवा: "खालच्या वस्तीच्या वाहिनीवरील गळती शाळेसमोरच्या व्हॉल्व्हजवळ आहे. ती पुढील सोमवारपर्यंत पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने दुरुस्त करावी, सामान ग्रामपंचायतीने द्यावे, झालेले काम अमुक दोन सदस्यांनी पाहून पुढील बैठकीत सांगावे." काम, जागा, माणूस, तारीख, आणि पाहणार कोण. सचिवांना हे सुचवताना तोंडी सांगू नका, एका चिठ्ठीवर वाक्य लिहून द्या. लिहायला तयार मजकूर मिळाला तर माणूस तोच लिहितो.

वहीत मोकळी जागा सोडलेली दिसली तर तिथे तिरकी रेघ मारायला सांगा. मोकळ्या जागेत नंतर ठराव वाढतात. "ऐनवेळचे विषय" या मथळ्याखाली काय काय आलं ते सगळं वाचा, कारण खर्चाचे विषय तिथे येतात. शेवटच्या ओळीच्या लगेच खाली सही करा, तारीख घाला. पटलं नसेल तर सही नाकारून निघून जाऊ नका, कारण मग तुम्ही गैरहजर ठरता. सही करा आणि शेजारी लिहा, "ठराव क्रमांक ४ ला माझी असहमती." एवढ्या चार शब्दांसाठी मला एकदा दीड तास बसवून ठेवलं होतं, "कशाला लिहिता ताई, गाव एकच आहे." मी लिहिलं. पुढच्या वर्षी त्या ठरावाची चौकशी लागली तेव्हा समितीतल्या बाकी सगळ्यांना खुलासे द्यावे लागले.

नोंदवही दाखवत नसतील तर माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्जाचे १० रुपये आणि पानाला २ रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. पण हा शेवटचा उपाय ठेवा. सदस्य म्हणून तुम्हाला वही पाहायचा हक्क आहेच, आणि पहिल्याच महिन्यात माहिती अधिकार टाकला की समोरचा माणूस तुमच्याशी कायम सावधच बोलतो. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही पाहता येतो. घरी बसून बघा, मग बैठकीला जा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधलेला होता. हे ज्या सदस्याला माहीत असतं तिला "पाण्यासाठी पैसाच नाही" असं सांगून गप्प करता येत नाही.

पाणी समितीत गेलात तर एक कसब शिकून घ्या. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहणारी तपासणी. लहानशा नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ओटीच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग बदलला नाही तर नाही. ही तपासणी टाकीजवळच्या नळावर करून उपयोग नसतो, शेवटच्या घरी करायची. आम्ही ती खालच्या वस्तीच्या अगदी टोकाच्या नळावर करायचो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचावर पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत आणि संच कुठल्या कपाटात आहे, हे विचारा.

बाकीच्या समित्या थोडक्यात सांगते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा, निधी मिळायची तरतूद आहे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर काम करायची आवड असेल तर ही बरी. जैवविविधता व्यवस्थापन समिती २००२ च्या कायद्याने येते, अध्यक्ष धरून किमान सात जण, एक तृतीयांश महिला. लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं तिचं काम. तुमचे सासरे किंवा शेजारचे आजोबा जुनी बियाणी, झाडपाला, गुरांच्या जाती ओळखत असतील तर त्यांचं नाव इथे सुचवा. रेशनच्या दक्षता समितीत हिंमत लागते, पहिल्याच वर्षी जाऊ नका. तंटामुक्ती समिती २००७ च्या मोहिमेतून आली. ती गावोगावी अजून नावाला आहे, पण बाईच्या मारहाणीचं प्रकरण तिथे "मिटवायला" आणलं तर ते पोलिसांत जायला हवं असं ठामपणे सांगणारं माणूस त्यात हवंच.

वनहक्क समितीचा विषय जंगलालगतच्या गावांचा आहे. १० ते १५ सदस्य, ग्रामसभाच निवडते. पण त्या निमित्ताने मेंढा लेखाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गडचिरोली जिल्ह्यातलं हे लहानसं गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अनेक वर्षं एक पद्धत रुजवली: निर्णय सर्वसहमतीने, आणि निर्णयाआधी अभ्यास गट. अभ्यास गटात कुणीही बसावं, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावं, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. आम्ही यातली अभ्यास गटाची कल्पना उचलली. बैठकीच्या दोन दिवस आधी आम्ही पाच-सहा जणी देवळाच्या ओट्यावर बसायचो, विषयपत्रिका वाचायचो, न कळलेला शब्द विचारायचो. शाळा न शिकलेल्या दोघी होत्या आमच्यात. बैठकीत नेमके प्रश्न त्याच विचारायच्या, कारण त्यांना सगळं तोंडपाठ असायचं.

तुमच्या पुण्यातल्या मैत्रिणींना सांगता यावं म्हणून शहराचंही लिहिते. तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं राज्यघटनेतच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९-अ प्रमाणे तिथे त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करता येतात, आणि ते त्या प्रभाग समितीतले नगरसेवक ठरवतात. इथे मात्र राजकीय ओळख चालते, हे खरं आहे. संस्था नोंदणीकृत असणं, तिचं त्या भागातलं काम कागदावर दाखवता येणं, हे आधी जमवावं लागतं. २०२२ पासून काही वर्षं बहुतेक महापालिकांत प्रशासकच होते, त्यामुळे ही जागाच गोठली होती. त्यापेक्षा मनपाच्या शाळेची व्यवस्थापन समिती गाठा, तिला गावासारखेच नियम आहेत. रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठी २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती असते, तीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असतात. भाजी विकणाऱ्या बाईला महापालिका आयुक्तांच्या समोर बसून बोलायची ही कायदेशीर जागा आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. तो अर्ज भरायला मात्र कुणाचीच ओळख लागत नाही.

आता काही अडचणी, ज्या तुम्हाला येणारच आहेत.

घरातला पुरुष "मी जातो तुझ्या ऐवजी" म्हणेल. सदस्य तुम्ही आहात, बैठकीत बसायचं तुम्हीच. आमच्या समितीत एका ताईंच्या जागी त्यांचे मालक यायचे. आम्ही त्यांना काही बोललो नाही, फक्त बैठकीची वेळ सायंकाळी सातची बदलून दुपारी दोनची केली, सगळ्यांच्या शेतातल्या जेवणानंतरची. त्या वेळी मालक रानात असायचे. ताई येऊ लागल्या, आणि सहा महिन्यांनी टाकी धुतल्याची तारीख भिंतीवर रंगवायची कल्पना त्यांचीच होती.

नातेवाइकाला काम मिळणार असेल तर त्या विषयावर बोलू नका, उठून बाहेर जा आणि तसं लिहायला सांगा. एकदा जरी भावाच्या किंवा दिराच्या बिलावर तुमची सही दिसली तर पुढची दहा वर्षं तुमचा खरा मुद्दाही कुणी ऐकणार नाही.

तुम्ही बाहेरून आलात हे लोक तुम्हाला पहिलं वर्षभर आठवण करून देतील. त्यावर वाद घालू नका. पुण्यात असं असतं, तिकडे तसं करतात, हे वाक्य बैठकीत उच्चारू नका. त्याऐवजी न मागता करता येण्यासारखं एक काम घ्या: वही लिहिणं, पत्राचा मसुदा करणं, पोर्टलवरची माहिती छापून आणणं. गावात या कामाला माणूस कधीच पुरत नाही.

मानधन मिळत नाही. वेळ किती लागतो? महिन्याची बैठक दोन तास, तिच्या आधीचा अभ्यास तासभर, आणि ठरलेलं काम झालं का ते बघायला दोन-तीन फेऱ्या. एका समितीत एवढं. दोन समित्या घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी.

तर ताई, सोमवारी शाळेत जा. सध्याची समिती कोणत्या तारखेला बनली हे मुख्याध्यापकांना विचारा आणि दोन वर्षं कधी पुरी होतात ते मोजा. पुढच्या पालकसभेची तारीख लिहून घ्या. तोवर पालक म्हणून मागच्या बारा महिन्यांचं इतिवृत्त वाचायला मागा, शाळेतच बसून वाचा. एका कागदावर दोन रकाने करा, एकात ठरलेलं काम, दुसऱ्यात ते झालं की राहिलं. नळ, कुंपण, किचन शेडचं पत्र, जे असेल ते. पालकसभेत तुमचं नाव सुचवलं गेलं की उभं राहून तो कागद वाचून दाखवा.

आणि गावच्या ग्रामसेवकांकडून आपल्या समित्यांची यादी मिळाली, की मला पाठवा. कोणत्या समितीत कायद्याप्रमाणे किती जागा भरायच्या राहिल्या आहेत ते मी खुणा करून देते.